रिकाम्या बाजूचे मामा

उभ्या जालना जिल्ह्यात माझ्या मामेसासऱ्यांइतके फुटबॉलचे सामने कोणी हरलेलं नाही, आणि त्यांनी आयुष्यात एकदाही चेंडूला पाय लावलेला नाही. ते हरले ते नुसते बसून. घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर, मैदानाच्या एका टोकाला, गोलच्या जाळीमागे बसून. शाळाशाळांच्या स्पर्धेत कोण जिंकलं हे क्रीडा शिक्षकांच्या वहीत सापडतं. कोण हरलं हे विचारायचं असेल तर मामांना विचारावं. हरलेल्या संघाचा गोलकीपर कोणत्या गावचा होता, कितव्या गोलनंतर त्याला रडू फुटलं आणि रडता रडता त्यानं काय खाल्लं, इतकं सगळं त्यांना तोंडपाठ असतं.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. जुन्या जालन्यात आमच्या पलीकडच्या गल्लीत राहतात. नोकरी एसटीत कंडक्टरची. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून एका सकाळी मैदानावर गेले, तर तिथे शाळकरी मुलांचा फुटबॉलचा सामना चाललेला. यजमान शाळेच्या बाजूला अख्खी शाळा, पालक, ढोल-ताशा. शहागडहून आलेल्या संघाच्या बाजूला एक सर आणि डब्यांची पिशवी. मामांनी दोन्हीकडे नजर टाकली आणि सरळ शहागडच्या पिशवीशेजारी जाऊन बसले. शहागड सात गोलांनी हरलं. मामा शेवटपर्यंत हलले नाहीत, आणि त्या दिवसापासून त्यांना जे वेड लागलं ते लागलंच. मैदानावर आले की ते कोण खेळतंय हे विचारत नाहीत. आधी दोन्हीकडची डोकी मोजतात आणि जिकडे कमी भरतील तिकडे खुर्ची मांडतात. असं का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "जावई, गाडी रिकामी असली म्हणून कंडक्टर खाली उतरत न्हाई."

गोलच्या मागेच का, यालाही त्यांच्याकडे उत्तर होतं. गोलकीपर म्हणजे ड्रायव्हर, त्याला सगळं लक्ष समोर ठेवावं लागतं, तेव्हा मागचं बघायला कोणीतरी पाहिजे. मागे बघण्यासारखं एक कुंपण आणि दोन शेळ्या असत, पण तो मुद्दा वेगळा. फुटबॉलमध्ये मध्यांतराला दोन्ही संघ बाजू बदलतात, म्हणजे गोलकीपर या टोकाचा त्या टोकाला जातो. मग मामाही खुर्ची उचलून त्याच्या मागोमाग निघत. खुर्ची उचलण्याचं काम रविवारी जावई या नात्यानं माझ्याकडे असे.

फुटबॉलचे नियम त्यांना कळत नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते त्यांनी आपल्या पद्धतीनं लावून घेतले आहेत. ऑफसाइड म्हणजे काय हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. मामा शेजारच्या आजीबाईंना एका वाक्यात सांगतात, की आतली माणसं उतरायच्या आधीच जो चढतो त्याला पंच खाली उतरवतात. खेळाडूंची नावं ते विचारत नाहीत, फाटा विचारतात. एकदा फाटा कळला की ते पोर त्यांच्या कायमचं लक्षात. मग जाळीमागून सुरू होतं, "ए वाटूर, पुढं सरक, मधी जागा हाय," "तळणी, जल्दी कर, टाइम झालाय," आणि लांबून ऐकणाऱ्याला वाटतं मैदानात एसटी शिरली. सुरुवातीला ते शिट्टीही वाजवत. एकदा त्यांच्या शिट्टीवर बावीसच्या बावीस मुलं जागच्या जागी थांबली, पंच स्वतःची शिट्टी तपासत राहिले आणि तेवढ्यात चेंडू आपला आपण घरंगळत गोलमध्ये गेला. तेव्हापासून शिट्टी जप्त आहे. आता ते तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा नेतात आणि स्टीलच्या डब्यावर वाजवतात. एकदा वाजला तर थांब, दोनदा वाजला तर जाऊ दे. पाहुण्या पोरांना हे पाच मिनिटांत कळतं, कारण त्यातली निम्मी रोज एसटीनंच शाळेत जातात.

खांद्याला तीच जुनी चामड्याची कंडक्टरची पिशवी. तिच्यात पूर्वी काय असायचं ते जाऊ द्या, आता मोसंबी असतात. सामना हरला की मामा पिशवी उघडतात, एकेकाला मोसंबी सोलून देतात आणि परतीची गाडी किती वाजता कोणत्या फलाटावर लागते ते सांगतात. हरल्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. माझ्या मते हाच त्यांचा खरा खेळ, आणि यात त्यांना जिल्ह्यात तोड नाही.

पण लोकांची अक्कल वेगळ्याच रस्त्यानं धावते. ज्या बाजूला माणसं कमी, ती बाजू बहुधा लहान गावची, बिनबुटांची, सकाळी निघून उपाशी आलेली, ती हरणारच. हा साधा हिशेब सोडून गावानं ठरवलं की मामा ज्या बाजूला बसतात ती बाजू हरते. पनवती हा शब्द तोंडावर कोणी उच्चारला नाही, पण यजमान शाळांचे सर मामा आले की आपल्याहून कितीतरी लांब, पाहुण्यांच्या टोकाला, त्यांच्यासाठी चहा पाठवू लागले. एका शाळेनं तर तिकडे छत्रीही रोवून दिली. मामांना या आदरातिथ्याचं मोठं कौतुक. जालन्याची माणसं पाहुण्यांच्या बाजूचीसुद्धा किती काळजी घेतात, असं ते मला सांगत, आणि मी मान डोलवत असे.

हे असंच आनंदात चालू राहिलं असतं. पण माझी मुलगी तनू नववीत गेली आणि तिच्या शाळेच्या संघाची गोलकीपर झाली. तिला झेलायला शिकवलं तेच मुळी मामांनी. आमच्या अंगणात ते मोसंबी फेकत. झेललेलं तिचं, पडलेलं त्यांचं. पहिल्या वर्षी मामांचं वजन वाढलं, दुसऱ्या वर्षी तनूचं. पण मैदानावर मात्र मामा एकदाही तिच्या मागे बसले नाहीत. आमच्या शाळेच्या बाजूला नेहमी गर्दी, मग मामा आपले समोर. तनूनं दोन वर्षं हे मुकाट्यानं सोसलं. आणि संघ जिल्ह्याच्या फायनलला गेला.

फायनलच्या आदल्या दिवशी एकाच वेळी दोन माणसं मामांकडे गेली. तनू सांगायला गेली की उद्या एक दिवस, फक्त एकच दिवस, तुम्ही माझ्या मागं बसा. ती अजून उंबऱ्यात होती तोच आमच्या शाळेचे क्रीडा शिक्षक पेढ्यांचा पुडा घेऊन हजर झाले. त्यांनी इकडचं तिकडचं बोलून घेतलं, मामांच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि शेवटी घाम पुसत म्हणाले, "मामा, गैरसमज करून घेऊ नका. पण उद्या तुम्ही बिलकुल आमच्याकडं बसू नका. पोरींनी लई कष्ट केलेत."

मामांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की लोक आपल्याबद्दल काय बोलतात. चहा, छत्री, सगळ्याचा अर्थ एकदम लागला. मी तिथेच होतो. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. तनू सरांशी भांडायच्या बेतात होती, पण मामांनी तिला हातानं थांबवलं आणि सरांना पेढा दिला, त्यांच्याच पुड्यातला. म्हणाले, उद्या दोन्हीकडची माणसं बघतो आणि मंग ठरवतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूला मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर मंठ्याच्या मुली. सोयाबीनची काढणी ऐन भरात, त्यामुळे त्यांचे आईबाप शेतात अडकलेले. सोबत एक मॅडम आणि टेम्पोचा ड्रायव्हर, तोही झोपलेला. मामांनी मोजलं. मग आमच्या बाजूकडे न बघता ते मंठ्याच्या गोलमागे जाऊन बसले. आमचे सर आनंदानं टाळ्या वाजवत होते. तनूनं हातमोजे चढवले आणि मामांकडे पाठ फिरवली.

मध्यांतरापर्यंत गोल नाही. मंठ्याची गोलकीपर हेलसची होती, किडकिडीत आणि कमालीची चपळ. मामा तिला हेलस, हेलस म्हणत डबा बडवत होते आणि ती चेंडूवर चेंडू अडवत होती. मध्यांतर झालं, बाजू बदलल्या. मामा नेहमीप्रमाणे उठले, पिशवी खांद्याला लावली, मी खुर्चीची घडी घातली. एवढ्यात तनू मैदान ओलांडून आली आणि आमच्या समोरच्या गोलमध्ये उभी राहिली. वळून न पाहता म्हणाली, "आजोबा, आता मी आलेय ना इथं. बसा."

मामा उभेच राहिले. पलीकडच्या टोकाला हेलसची पोरगी एकटीच गोलमध्ये उभी राहून मागे वळून वळून त्यांना शोधत होती. बाजूनं सर दोन्ही हातांनी त्यांना चला, चला म्हणून खुणावत होते. आणि मामा स्वतःही घाबरले होते. अगदी हळू आवाजात ते मला म्हणाले, "माझ्यामुळं पोरगी हरली तर?" मी फक्त खुर्चीची घडी उलगडली. ते बसले. मग पिशवी, डबा आणि चिमटा माझ्या हातात देऊन म्हणाले, "जावई, तुम्ही तिकडं जा. गाडी सोडू नका."

अशा रीतीनं माझ्या मुलीच्या आयुष्यातल्या पहिल्या फायनलचा उत्तरार्ध मी विरुद्ध संघाच्या गोलमागे बसून, डबा वाजवत पाहिला. आमच्या शाळेचे सगळे पालक माझ्याकडे बघत होते. त्यात माझी बायकोही होती. थोड्याच वेळात आमच्या मुलींनी गोल केला, माझ्या नाकासमोर, आणि मला हळहळावं लागलं. मग अगदी शेवटाला, पार पलीकडच्या टोकाला, मंठ्याला पेनल्टी मिळाली. एवढ्या लांबून मला नुसती तनूची उंची दिसत होती आणि तिच्यामागे खुर्चीवर एक पांढरी टोपी. चेंडू सुटला. तनूनं तो दोन्ही हातांत घेतला, अंगणात मोसंबी झेलायची तसाच. हेलसच्या पोरीनं डोळे मिटून घेतले होते. "काका, काय झालं?" असं तिनं विचारलं. अडला, असं मी पडेल चेहऱ्यानं सांगितलं. इतकं अवघड दुःख मी जन्मात केलेलं नाही.

सामना संपल्यावर ती खाली बसून रडली. मी पिशवी उघडून मोसंबी सोललं. तुमची कोण खेळती, असं तिनं विचारलं, तेव्हा मी मैदानाकडे मोघम हात केला. परतीची गाडी किती वाजता ते मला ठाऊक नव्हतं. त्यांचा टेम्पो होता हे नशीब. सगळ्या मंठ्याला मोसंबी पुरवून मी पलीकडे गेलो, तर तिथे मुली गुलाल उधळत होत्या, सर मामांच्या पाया पडत होते, आणि मधोमध मामा खुर्चीवर अवघडून, हात मांडीवर ठेवून बसलेले. मला पाहून त्यांना हायसं वाटलं. मला खाली वाकवून त्यांनी कानात विचारलं, "जावई, जिंकल्यावर काय करायचं असतं?"

तनूनं त्यांच्या कपाळाला गुलाल लावला, तेव्हा कुठे त्यांना रडायला आलं, आणि ते मात्र त्यांना व्यवस्थित जमलं.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. मामांचे गुडघे साफ बसले, मैदानापर्यंत जाणं होत नाही. गावानं त्या दिवसाचा सोयीस्कर अर्थ लावून घेतला, की पनवती मामांवरून उतरून माझ्यावर आली. आता पाहुण्यांच्या टोकाला चहा मला येतो, छत्रीही येते. मी खांद्याला ती चामड्याची पिशवी अडकवून जातो, डोकी मोजतो, बसतो, हरतो आणि संध्याकाळी पिशवी परत द्यायला मामांकडे जातो. ते ओट्यावर वाट बघत असतात. कोण जिंकलं हे अजूनही विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असतो, की हरलेल्यांच्या बाजूला कोण होतं.

मी होतो, असं सांगतो. मग ते पिशवीत हात घालून तळाला एखादं मोसंबी उरलंय का ते बघतात, आणि उरलं असलं तर मला सोलून देतात.