परांचीखालचा शेंदूर

तेलात कालवलेला शेंदूर उन्हाने तापलेल्या दगडावर ओला असला, की त्याला एक जड, मंद वास येतो. रंग तर एवढा प्रखर, की करपलेल्या माळावरही तो दुरून नजर ओढून घेतो. शेताच्या बांधावर, घाटाच्या वळणावर, वडाच्या बुंध्याशी असा दगड दिसला की तुमचे हात आपसूक जुळत असतील. माझेही जुळतात. पण त्याआधी माझ्याकडून एक वेगळीच हालचाल होते, आणि बरोबरच्या मंडळींना तिचे हसू येते. आमच्या सौभाग्यवतींनी तर ती माझी खोड म्हणून साऱ्या नातेवाइकांत प्रसिद्ध करून ठेवली आहे! ती खोड मला कुठे जडली, ते आज तुम्हाला सांगावेसे वाटते.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती पहिली वर्षे. मी नुकताच ओव्हरसियर झालो होतो, आणि नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगराळ पट्ट्यात, भंडारदऱ्याच्या अलीकडे, एका ओढ्यावरून पाट पलीकडे नेण्याचे काम माझ्या देखरेखीखाली चालले होते. काम ठेकेदाराचे, देखरेख सरकारची. ओढ्याच्या पात्रात दगडी खांब उभे राहत होते, काठावर बैलांनी फिरवायच्या घाण्यात चुना मळला जात होता, आणि खांबांच्या अंगाला बल्ल्या-बांबूंची परांची बिलगलेली होती. गवंड्यांनी उंचावर उभे राहायचे ते या परांचीवर, आणि परांचीचा सारा जीव काथ्याच्या गाठींत! मानवी कर्तृत्वाची उत्तुंग प्रतीके आपण अभिमानाने निरखतो. पण ती उभी राहत असताना किती पावले एका गाठीच्या भरवशावर टेकलेली असतात, हे कोणाच्या ध्यानात येते? काम पुरे झाले की परांची सोडून नेतात, आणि तिच्यावरून जे पडले त्यांची आठवणही तिच्याबरोबर निघून जाते.

आमच्या मजुरांनी मात्र त्या आठवणीची आपल्यापुरती सोय केली होती. कामावर कोणाचे रक्त सांडले, की त्याच जागचा एखादा दगड उभा करायचा, त्याला शेंदूर फासायचा आणि नारळ फोडायचा. जागेने एकदा माणूस मागितला, तिने पुन्हा मागू नये, म्हणून ही विनवणी. हे खाते तान्हाबाईकडे होते. तान्हाबाई म्हणजे घमेल्याने चुना वाहणारी एक म्हातारी, जिभेने तिखट आणि तरीही साऱ्यांना हवीशी. नवा होतो तेव्हा मी तिची थट्टा केली, "तान्हाबाई, असेच दगड उभे करत राहिलात तर माझ्या खांबाला दगड उरायचे नाहीत." घमेले खाली न ठेवता ती म्हणाली, "दगूड न्हाई उरला तरी चालंल, सायेब. मानसं उरू द्या." त्यानंतर मी थट्टा बंद केली.

त्या साली जिल्ह्याच्या पूर्वेकडे पावसाने पाठ फिरवली होती. पाथर्डीकडची कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड डोक्यावर घेऊन आमच्या कामावर आली, त्यांतच रभाजी गवंडी आणि त्याची बायको हौसा. रभाजी सदा हसतमुख, थापी चालवता चालवता स्वतःशीच गुणगुणणारा. एके दुपारी परांचीची एक गाठ सुटली, पायाखालची फळी कलली, आणि तो खांबाच्या पायथ्याशी कोसळला. मी पलीकडच्या काठावर मोजमाप घेत होतो. धावत पोहोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात न्यायला बैलगाडीत घालत होते. मांडीचे हाड मोडले होते, शुद्ध हरपली होती. जीव वाचला हे नशीब! पण ठेकेदाराने मुकादमाकडून लिहवून वर जो कागद धाडला त्यात लिहिले होते, की रभाजी सुट्टीत शेळीसाठी पाला तोडताना झाडावरून पडला. त्या बिचाऱ्याकडे शेळी तरी कुठे होती? पण त्याला पडताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नव्हते, आणि ठेकेदाराला तेवढे पुरेसे होते.

एका झाडाने काय बिघडते, असे तुम्हाला वाटेल. सगळेच बिघडत होते. अपघात कामावर झाला असे ठरले, तर औषधपाणी आणि भरपाई ठेकेदाराच्या गळ्यात. झाडावरून झाला असे ठरले, तर रभाजी आणि त्याचे नशीब. हौसा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "सायेब, कागदावर झाड ऱ्हायलं तर आमाला खोपी सोडाय लावत्याल. ह्यो असला पाय घिऊन मी त्यांना कुटं न्यू? गावाकडं प्यायला पानी न्हाई." मी त्याच दिवशी नगरच्या कचेरीला माझा वेगळा अहवाल पाठवला. मनात धास्ती होती, तरी पाठवला. तिच्या त्या बसलेल्या आवाजापुढे दुसरे काही सुचलेच नाही.

नगरच्या कचेरीतून चौकशीला एक साहेब आले. शिडशिडीत अंगाचे, मितभाषी, काखेत छत्री. त्यांनी एकेकाला सावलीत बोलावून विचारले. प्रत्येकाचे उत्तर एकच, "आमी न्हाई पायलं, सायेब." ठेकेदाराचा मुकादम नामदेव हात मागे बांधून जवळच उभा होता ना! तान्हाबाईनेसुद्धा पदर तोंडाशी धरला आणि मान हलवली. मला संताप आला, खोटे कशाला बोलू? पण दुष्काळात ज्याचे नाव हजेरीतून कमी होते त्याची चूलच विझते, आणि विझल्या चुलीच्या भीतीपुढे सत्याने किती काळ तग धरावा? दूर खोपीच्या दाराशी हौसा उभी होती. साहेबांनी वही मिटली तेव्हा ती मटकन खाली बसली. तिचे ते बसणे मला आजही पाहवत नाही.

साहेब जीपकडे निघाले. वाट खांबाच्या पायथ्यावरून जात होती, आणि तिथे तो उभा होता: ताज्या शेंदराचा दगड, पुढ्यात नारळाची करवंटी. साहेब थबकले. त्यांनी पायातले बूट काढले, छत्री खाली ठेवली आणि हात जोडले. तुम्ही-आम्ही जोडतो तसेच, काही विचार न करता. मग मागे येणाऱ्या तान्हाबाईला त्यांनी सहज विचारले, "आजी, हे कोणते दैवत?"

 तान्हाबाईने पदर खांद्यावर नीट घेतला. "सायेब, मगाशी मी तुमच्याम्होरं खोटं बोलले. ह्याच्याम्होरं न्हाई बोलायची. हितं रभाजी पडला. त्याच्याच नावानं दगूड मांडलाय." आणि मग नामदेवकडे वळून, अगदी हळू, "नारळ ह्यांनीच फोडला. इचारा त्यास्नी."

नामदेवने पागोटे काढून हातात घेतले. "व्हय सायेब," तो म्हणाला, "मीच फोडला. वरची गाठ सुटली हुती." पुढचे त्याने हातातल्या पागोट्याकडे पाहत सांगितले. त्याचा धाकटा भाऊ त्याच परांचीवर रोज चढत होता. जे कागदापासून लपवायचे त्याने कबूल केले होते, ते त्या जागेपासून लपवायची त्याची छाती झाली नव्हती. ठेकेदाराच्या भीतीने त्याच्याकडून झाड लिहवून घेतले, आणि भावाच्या मायेने त्याच्या हातून नारळ फोडून घेतला! माणूस एकाच वेळी किती जणांना भितो, आणि किती जणांसाठी! मला त्याचा राग धरता आला नाही, आजही येत नाही.

एकदा त्याने तोंड उघडल्यावर मग सगळेच बोलू लागले. साहेब तिथेच एका दगडावर बसले आणि त्यांनी मला जबाब उतरवायला लावले. लिहिता लिहिता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शेंदराच्या दगडाला कोण पडला आणि कुठे पडला एवढेच ठाऊक होते. का पडला, हे विचारायला कागद लागला. चुन्याच्या पाण्याने काथ्या खाल्ला होता, आणि तो कोणी बदलला नव्हता. जागा काही मागत नव्हती हो! मागत होता तो कुजका काथ्या. आठवड्यात नवा काथ्या आला, सगळ्या परांच्या उकलून पुन्हा बांधल्या गेल्या. आणि हौसाची खोपी राहिली.

रभाजी परत आला तो काठी टेकत. मोडलेला पाय आखूड झाला होता, परांची त्याला कायमची परकी झाली होती. बैलांमागे चुन्याच्या घाण्यावर बसायचे काम त्याला मिळाले. पहिल्या दिवशी तान्हाबाईने शेंदराची वाटी त्याच्यापुढे धरली. दगडाकडे बघून तो खळखळून हसला, "आगं, मी जित्ता हाय, अन् माझ्या नावाचा देव बी झाला व्हय?" सगळे हसले, हौसा हसता हसता रडली. त्याने शेंदूर लावला, हात जोडले, आणि मग मान वर केली. वर नामदेवचा भाऊ उभा होता. रभाजी लंगडत बल्लीपाशी गेला, काथ्याची गाठ मुठीत धरून त्याने जोर लावून ओढून पाहिली, आणि मला म्हणाला, "सायेब, खालची चांगली हाय. वरच्या तुमी बघा." मी चढलो आणि एकेक गाठ ओढून पाहिली. खालच्या गाठीवर त्याच्या बोटांचा शेंदूर लागला होता, तो परांची उतरेपर्यंत तसाच होता.

तो पाट केव्हाच वाहता झाला. दगडावर आता शेंदराची एवढी पुटे चढली आहेत, की मूळ आकार ओळखू येत नाही. वाटसरू नवस बोलतात, आणि रभाजीचे नाव कोणाला ठाऊक नाही. माझे केस पिकले. पण आजही कुठे तो जड वास आला, तो रंग दिसला, की हात जोडण्याआधी माझी मान वर जाते. वर बहुधा वडाची फांदी असते, नाहीतर मोकळे आभाळ. आणि घरातली माणसे हसतात. हसू देत. वर कोणी उभा असेल तर मी त्याच्या पायाखालची गाठ पाहतो, आणि मगच हात जोडतो.