आमरीचा हार

आमच्या विभागप्रमुखांना झाडं आवडत नसत. हे मी रागाने म्हणत नाही. चिखलीच्या कॉलेजात त्यांच्या हाताखाली वनस्पतीशास्त्र शिकवताना मी ते रोज बघत होते. त्यांना आवडायची ती वाळलेली, दाबलेली, जाड कागदावर टाके घालून बसवलेली आणि खाली ‘संकलक’ म्हणून त्यांचं नाव असलेली झाडं. जमिनीत उभं असलेलं झाड बघितलं की ते अस्वस्थ व्हायचे.

एका पावसाळ्यात त्यांना टेकडीवर खरतुडी दिसली होती. कंदिलासारखी फुलं येणारी नाजूक वेल, जमिनीखाली तिचा छोटासा कंद. नमुना मुळासकट घ्यायचा, हा आमच्या कामाचा नियम, आणि तो बरोबरच आहे. पण शहाणा माणूस एक घेऊन थांबतो. सरांनी एक कॉलेजसाठी घेतला, एक विद्यापीठासाठी, एक घरच्या संग्रहासाठी, आणि मग ‘देवाणघेवाणीला लागतील’ म्हणत पोरांच्या हातात खुरपी देऊन अख्खा उतार उकरून काढला. देवाणघेवाण कोणाशी, ते त्यांनाच ठाऊक. ते गठ्ठे विभागाच्या कपाटात कुजले, त्यांना बुरशी आली आणि शेवटी शिपायाने ते मागच्या अंगणात जाळले. नंतर मी त्या टेकडीवर जाऊन आले. तिथे आता नुसतं गवत आहे.

म्हणून बुलढाण्याच्या पलीकडे, घाटाच्या वरच्या पठारावर मला पांढरी आमरी, म्हणजे जमिनीवर उगवणारं ऑर्किड, सापडली तेव्हा मी तोंडाला कुलूप लावलं. जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान, त्यातून वर आलेला वीतभर दांडा, आणि टोकाला दोन-तीन शुभ्र फुलं. कातळाच्या कडेने अशी फुलंच फुलं होती. आपल्या जिल्ह्यात तिची नोंद मी तरी कुठे वाचली नव्हती. एक नमुना घेऊन, रीतसर ओळख पटवून माझ्या नावावर नोंद करावी, असं मनात होतं. पण नोंद झाली की जागा कळते, आणि जागा कळली की सर खुरपी घेऊन हजर. मी नुसते फोटो काढून परत आले.

त्याच फोटोंखाली नाव टाकत स्टाफरूममध्ये बसले होते आणि मागून सर डोकावले.

“आमरी दिसते. कुठली हो मॅडम?”

मी इंटरनेटवरचा फोटो आहे म्हणून सांगितलं. पण फोटोत मागे पठाराच्या टोकावरचं देऊळ आलं होतं आणि ते त्यांनी ओळखलं. झाडं सोडून बाकी सगळं ते चटकन ओळखत.

पुढच्या वर्षी श्रावणात मोहीम निघाली. सहल म्हणायचं नाही, मोहीम. ‘वनस्पती शोध मोहीम’ असं फ्लेक्सवर छापलं होतं. त्यात सरांचा फोटो मोठा आणि कोपऱ्यात एक फूल, तेही ट्यूलिपचं. फ्लेक्स जीपच्या तोंडाला असा बांधला होता की ड्रायव्हरला एका बाजूचा रस्ता दिसेना. मागे शेवटच्या वर्षाची पोरं. त्यांच्याकडे चिवडा होता, स्पीकर होता, गॉगल होते, भिंग मात्र एकाकडेही नव्हतं. आणि सीटखाली पोतंभर खुरपी. बुलढाणा येईपर्यंत माझे पाय त्या पोत्यावर होते, आणि वाटेत ते खाली फेकून देता येईल का, याचाच विचार मी करत होते.

आदल्या दिवशी सरांनी पठाराखालच्या गावच्या सरपंचांना माझ्यासमोरच फोन लावला होता. एरवी ते पुण्याच्या मराठीत बोलायचे, पण काम काढायचं असलं की वऱ्हाडीवर यायचे. “आम्ही उद्या येऊन राह्यलो. हाव, डोंगरावरली फुलं पाहाले. सत्काराचं काही करू नका बरं. उगीच तरास कायले घेता?”

आपल्याकडे ‘सत्काराचं काही करू नका’ याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. सरपंचांनाही कळला.

गावात पोचलो तर शाळेच्या ओट्यावर खुर्च्या, टेबलावर ओढणी अंथरलेली, पाटीत नारळ. सूत्रसंचालन करायला एक गुरुजी उभे. आणि ताटात हार. एवढ्या आडगावात हारवाला कुठून येणार? पावसाचे दिवस, झेंडूही अजून फुलला नव्हता. मग बायकांनी आपल्या परीने तोडगा काढला होता. हारात मधेमधे तेरड्याची गुलाबी फुलं होती, आणि बाकी सगळं पांढरं. हार सरांच्या गळ्यात पडला तेव्हा मला ते पांढरं नीट दिसलं.

ती माझी आमरी होती. अख्खं पठार त्या ताटात होतं.

हार करणाऱ्यांपैकी एक म्हातारी माझ्याशेजारी उभी होती. ती कौतुकाने म्हणाली, “तुमी फुलाची मानसं ना बाई, म्हनून डोंगरावरलीच आनली. सकाळपासून तोडून राह्यलो. एकबी सोडलं नाही.”

मला रडू आलं. तिला वाटलं, आनंदाचं आहे. सरांना हार, पोरांत असलेल्या प्राचार्यांच्या भाच्याला हार, ड्रायव्हरलाही हार. माझ्यापर्यंत येता येता हार संपले, मग मला नुसतं कुंकू लावून अर्धा नारळ हातात ठेवला. सर मात्र हार घातलेल्या अवस्थेत वीस मिनिटं निसर्गरक्षणावर बोलले. हनुवटी हलली की खालची फुलं हलत होती. जे शोधायला आलो ते आपल्या गळ्यात आहे, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या भाषणाचा फोटो आजही विभागात कपाटाच्या वर लावलेला आहे. वनस्पतीशास्त्राचे लोक येतात, फोटोखाली चहा पितात आणि जातात.

हार उतरवून सर पठारावर चढले. पोरं पांगली. मी आधी कातळाकडे गेले आणि खाली बसून बघितलं. दांडे खुडलेले होते, पण गोल पानं जागच्या जागी होती, आणि पानाखाली कंद. बायकांनी फुलंच तेवढी तोडली होती, मुळाला हात लावला नव्हता. कंद राहिला की पुढच्या पावसात दांडा परत येतो. माझ्या जिवात जीव आला. आणि त्याच वेळी सर खुरपं हातात घेऊन त्या पानांवरूनच चालत माझ्याकडे आले. फुलाशिवाय आमरी कशी दिसते हे त्यांना माहीत नव्हतं. कागदावरच्या आमरीला नेहमी फूल असतं ना.

एक पोरगी म्हणाली, “सर, इथं काहीतरी तुटलेलं दिसून राह्यलं.”

“गुरं चरून गेली असतील,” सर म्हणाले. मी मान डोलावली.

दुपारपर्यंत ते शोधत राहिले. घामाने निथळले, एकदा शेणात पाय पडला. मग कंटाळले आणि सगळ्या पोरांसमोर मला म्हणाले, “मॅडम, काय दाखवायला आणलंत आम्हाला? दगडं? फोटो कुठला तरी डाउनलोड करायचा आणि आमरी म्हणून मिरवायचं. तुम्हाला साधी फुलं ओळखता येत नाहीत, तुम्ही पोरांना काय शिकवणार?”

पोरं हसली. पानं माझ्या चपलेपासून हातभरावर होती. एक बोट दाखवलं असतं तर त्यांचंच तोंड बंद झालं असतं, आणि मग खुरप्यांचं पोतं उघडलं असतं.

“हो सर. माझं चुकलं असेल,” मी म्हणाले.

या माणसाबद्दल मला काडीचा आदर नव्हता. त्याच्या मताला मी केराची टोपली दाखवायचे. तरी जीपमध्ये परत येताना ‘पोरांना काय शिकवणार’ हेच मी मनात घोळवत होते, आणि मला त्याचीच जास्त चीड आली. वर्षभर स्टाफरूममध्ये ‘मॅडमला डोंगरावर आमरी दिसते’ हा विनोद चालला. नवा कोणी आला की सर त्याला तो सांगत, मग माझ्याकडे बघत, आणि मीही हसायचे. नोंद मी केली नाही. विचारणार तरी कोण होतं?

त्याच्या पुढच्या श्रावणात मी एसटीने एकटी गेले. कातळाची कड पांढरी होती. मी वाकून दांडे मोजायला लागले. खालून ती म्हातारी सरपण गोळा करत वर आली आणि तिने मला ओळखलं.

“बाई, साहेब नाही आले? आमी फुलाले हात नाही लावला. म्हटलं, साहेब येतीन तं ताजे हार करू.”

कंद वाचले तरी फुलं दरसाल खुडली तर बी धरणार नाही. नवी झाडं कुठून येतील? मी घाईघाईने म्हणाले, “मावशी, साहेबांना फुलांचा त्रास होतो हो. शिंका येतात. डोळे सुजतात. त्यांना नारळ द्या, शाल द्या, फूल नको.”

फुलांच्या साहेबाला फुलांनी शिंका येतात, हे तिने सहज मान्य केलं. मोठ्या माणसांचं काहीही पटण्यासारखं असतं. तिने सरपण खाली ठेवलं. मग म्हणाली, “मंग तुमच्यासाठी करतो. त्या दिशी समद्याइले घातले, तुमालेच राह्यला होता. मले लय वाईट वाटलं. उद्या राहा, मी स्वता करतो.”

कॉलेजात इतकी वर्षं झाली, मला कोणी कधी हार घातला नव्हता. आणि खरं सांगते, तो हार मला हवा होता. त्याच फुलांचा, त्याच बाईच्या हातचा हवा होता. म्हातारी पदराला हात पुसत माझ्या उत्तराची वाट बघत होती.

“मलाही शिंका येतात, मावशी,” मी म्हणाले.