राजाची तांबडी कोंबडी

मच्छिंद्र पेंटर पुणतांब्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि यात्रेतल्या नाटकाचे पडदेही. माणूस भलता लाजाळू. चार जणांत बोलायची वेळ आली की ब्रश धुवायला निघून जायचा.

एकाहत्तर साली रंग आणायला तो नगरला गेला, तेव्हा रद्दीच्या दुकानात त्याला पुठ्ठा नसलेलं एक जाड पुस्तक मिळालं. आत जुनी रंगीत चित्रं, खालची अक्षरं कळेनात. एका पानावर रंगमंचावर शोक करणारा राजा. समोरच्या पानावर तोच राजा, तीच ऐट, पण डोक्यावर पातेलं आणि हातात झारा. मच्छिंद्र एस.टी.त एकटाच हसत बसला.

राहात्याच्या मिशनमधल्या वयस्क फादरांना फ्रेंच येत होतं. त्यांनी पुस्तक चाळून सांगितलं, "दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मोठं गंभीर नाटक लागलं की थोड्याच दिवसांत दुसऱ्या थिएटरात त्याची टिंगल लागायची. लोक दोन्ही बघायचे. त्याचीच ही चित्रं."

"मंग पयल्या नटाला राग येत नसंल का?"

"येत असेल," फादर म्हणाले. "पण त्याचं नाटक गाजलंय, हेही त्याला कळत असेल."

यात्रेतल्या नाटकातला आमच्या गावचा राजा म्हणजे उत्तमराव. बारा वर्षं तीच भूमिका. राजपुत्र रणात पडल्याची बातमी आली की तीन पावलं पुढं, छातीवर मूठ, मान आभाळाकडं आणि मग "प्रधानजी" अशी हाक. बायका पदर डोळ्याला लावायच्या. उत्तमरावांना गावात सगळे दादा म्हणत आणि जरा वचकूनच असत.

मच्छिंद्रानं त्याच नाटकाची टिंगल लिहून काढली. त्यात राजपुत्राऐवजी राजाची तांबडी कोंबडी मरते. कारभारी नावाचा शिंपी राजा व्हायला तयार झाला. प्रधानाचं काम मात्र दादांच्या धाकानं कुणीच घेईना. शेवटी मच्छिंद्रालाच उभं राहावं लागलं. त्याची बायको गोजरबाई पातेलं देताना म्हणाली, "तुमी बोलनार? लोकान्ला ऐकू तरी जाईल का?"

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांच्या आधी, खेळ सुरू झाला. कारभारी पातेलं घालून आला, तीन पावलं चालला, छातीवर मूठ मारली आणि आभाळाकडं बघू लागला. लोक हसले, पण लगेच चूप झाले. पुढच्या खुर्चीवरून उत्तमराव उठले होते. ते सरळ मंचावर चढले.

"कारभारी, मी असं चालतो व्हय?"

कारभारीनं पातेलं उतरवलं. "न्हाई, दादा."

"मंग नीट बघ."

उत्तमराव तीन पावलं चालले, छातीवर मूठ मारली, मान वर केली. हुबेहूब कारभारीसारखं.

 मग बायकांतून बायडाबाई फिसकन हसली आणि सगळा चौक फुटला. म्हातारी माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडत होती. उत्तमराव आपल्या पायांकडं बघत राहिले. त्यांनी पुन्हा एकदा, सावकाश, ती तीन पावलं टाकून पाहिली. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"आयला, असंच चालतो की मी," ते म्हणाले. कारभारीच्या हातातलं पातेलं त्यांनी स्वतःच्या डोक्यावर चढवलं आणि नेहमीच्या धीरगंभीर आवाजात विचारलं, "प्रधानजी, आमच्या तांबडीचा अखेरचा शब्द काय होता?"

 सगळं गाव प्रधान झालेल्या मच्छिंद्राकडं बघत होतं. तो म्हणाला, "महाराज... कॉक."

"एवढंच?"

"पुढचं बोलनार हुती, तवर रस्सा उकळला."

लिहिलेलं तिथंच संपलं होतं. पुढचा अर्धा तास दोघं मनानंच बोलत राहिले. कुस्त्यांना आलेले पैलवान लंगोट कसून तिथंच उभे होते.

नंतर मच्छिंद्रानं त्या पुस्तकातल्यासारखी दोन चित्रं काढली, एक रडणाऱ्या राजाचं, एक पातेलं घातलेल्याचं. दोन्ही उत्तमरावांनी मागून नेली आणि ओसरीत शेजारी शेजारी लावली.

त्र्याहत्तरच्या यात्रेला दुष्काळामुळं पोशाख भाड्यानं आणणं जमलं नाही, म्हणून मोठं नाटक झालं नाही. कोंबडीचं झालं. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं अंगावरच्या धुळीसकट येऊन बसली होती. त्या दिवशी मच्छिंद्र सगळ्यांच्या आधी मंचावर गेला आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मंडळी, बसून घ्या. महाराज अजून दाढी करतायत."