केझायाने ऐकून निवडलेला पतंग

बर्म्युडातल्या एका हॉटेलात व्हर्लीन बॅस्कमने एकतीस वर्षं चादरी धुऊन, वाळवून त्यांना इस्त्री केली. पतंग म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हे तिचं ठाम मत. ते बदललं नातीमुळे. केझाया सात वर्षांची, जन्मापासून आंधळी. गेल्या गुड फ्रायडेला तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळं गाव किनाऱ्यावर पतंग उडवत होतं, तेव्हा मामाने तिच्या हातात दोरा दिला. तिने तो क्षणभर धरला आणि टाकून दिला. "वर काही नाहीच. तुम्हीच कुणीतरी ओढताय." हे बोलणं व्हर्लीनला वर्षभर सलत राहिलं.

यंदा ती नातीला घेऊन युस्टेस ट्रॉटकडे गेली. युस्टेसने उभा जन्म बोटीवर काढला होता, पण पतंग बनवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. प्रत्येक पतंगाच्या डोक्याशी तो दोरी ताणून तिच्यावर पातळ कागदाची पट्टी चिकटवायचा. वारा लागला की ती घोंगावायची.

"रंग कुठला हवा बाईसाहेबांना?" बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"आवाज दाखवा," केझाया म्हणाली.

मग साठी उलटलेला तो माणूस एकेक पतंग घेऊन अंगणात पळत सुटला. पहिला डासासारखा वाजतो म्हणून नापास झाला. दुसऱ्याला ती म्हणाली, "ही तर आजी घोरतेय."

"मी नाही हो घोरत!" व्हर्लीन म्हणाली.

"झोपलेल्याची साक्ष कोण धरतं?" युस्टेस धापा टाकत म्हणाला.

पाचवा पतंग जाड, खालच्या सुरात घुमला. केझायाने श्वास रोखला. "हाच."

पतंग देताना युस्टेसने बजावलं, "नीट ऐक व्हर्लीन. टेकवून ठेवू नकोस, टांग. आणि झुरळांपासून जप. पिठाची खळ आहे, एका रात्रीत फस्त करतील."

व्हर्लीनच्या घरात झुरळं फिरकत नाहीत अशी एकच जागा होती, शेगडीच्या वरचा खिळा. तिने पतंग तिथे टांगला आणि चार दिवस तान्ह्या बाळासारखा जपला. गुड फ्रायडेच्या पहाटे मात्र त्या दिवशी घरोघरी करतात तसा तिनेही वड्यांसाठी खारवलेला कॉड मासा त्याच शेगडीवर तासभर उकळला.

किनाऱ्यावर पतंग झोकात वर गेला, पण मुका. आजूबाजूला पन्नासेक पतंग घोंगावत होते.

"आजी, माझा कुठे वाजतोय?" केझायाने विचारलं. दोऱ्यावरची तिची मूठ सैल पडू लागली.

शेजारी उभ्या युस्टेसने व्हर्लीनला विचारलं, "ठेवला होतास कुठे?"

"शेगडीवर. झुरळं नसतात ना तिथे."

"आणि आज मासा उकळलास!" त्याने कपाळाला हात लावला. "झुरळांपासून वाचवलास आणि वाफेच्या तोंडी दिलास. पट्टी सैल पडली. उतरव, नवी लावतो."

"नव्या पट्टीचा आवाज तोच येईल?" व्हर्लीनने विचारलं.

"तोच कसा येईल?"

"मग राहू दे वर. ओल्या कापडात जन्म गेलाय माझा. ताणून वाऱ्याला धरलं की आपोआप ताठ होतं." मग ती वाळूत गुडघे टेकून नातीजवळ बसली. "चूक माझी आहे गं. पतंग मी भिजवला. पण तो वर आहे. आजीचं ऐकून थोडा वेळ धर."

"किती वेळ?"

"तेवढं मला नाही माहीत, बाळा."

केझायाने ओठ काढला, पण मूठ आवळली. व्हर्लीन वर बघत राहिली. डोळ्यांत ऊन जाऊन त्या गर्दीत आपला पतंग कुठला तेही तिला कळेना. आयुष्यभर लोकांच्या चादरी वाळवल्या, देवा, आज माझ्यासाठी वीतभर कागद वाळव, एवढंच ती मनात घोकत होती.

बऱ्याच वेळाने केझायाची मान ताठ झाली. व्हर्लीनला तर मघाचाच कल्लोळ ऐकू येत होता.

"तो बघ आजी! तो माझा!" पोरीने आभाळात बोट रोखलं.

व्हर्लीनने त्या बोटाच्या रोखाने पाहिलं. बरोबर तिथेच त्यांचा तांबडा-पिवळा पतंग डुलत होता.

तिचा जीव भांड्यात पडला आणि डोळ्यांना धार लागली.

"लांब जाऊन रड," युस्टेस म्हणाला, "पुन्हा ओला करशील."

तिने सगळ्यांदेखत त्याचे दोन्ही हात धरले. "देव तुझं भलं करो, युस्टेस. फार मोठं दान टाकलंस पदरात."

"गप्प बसा ना दोघं," केझाया खेकसली. "ऐकू द्या मला."