उतारावरच्या कानासाठी सुई

खंडेनवमीला मी टर्नटेबलच्या सुईला हळदकुंकू लावलं आणि सुई मोडली.

माझ्या बायकोनं, वैजूनं, घरातली हत्यारं पाटावर मांडली होती. विळी, कात्री, पक्कड. निवृत्त कारकुनाचं हत्यार कोणतं, या प्रश्नाला उत्तर म्हणून मी मोठ्या तोऱ्यात टर्नटेबलसमोर बसलो, त्याच्या आर्मला झेंडूचं फूल वाहिलं आणि अनामिकेनं सुईला कुंकू टेकवलं. ती सुई ज्या केसाएवढ्या दांडीच्या टोकाशी असते, ती दांडी वाटीतल्या चिमटीभर भक्तीनंही वाकते, हे मी जन्मभर इतरांना बजावत आलो होतो. बाहेर मुलुंडच्या गल्लीत सातविणीचा उग्र, गोडसर गंध दाटला होता, खिडकीच्या जाळीतून आलेलं आश्विनातलं ऊन तबकडीवर चौकटी आखत होतं, आणि त्या उन्हात ती कुंकवानं माखलेली सुई बळी दिल्यासारखी लोंबत होती.

"सुटलो," वैजू म्हणाली. "आता फोनवर ऐक. आणि त्या पैशांत कानाचं यंत्र आण."

कानाच्या यंत्राचा विषय महिनाभर घरात घोळत होता. घाटकोपरच्या डॉक्टरांनी माझ्या श्रवणाचा आलेख काढला होता. खालच्या स्वरांपाशी सुखात चालणारी रेघ वरच्या स्वरांकडे जाता जाता एकदम दरीत उतरली होती, आणि उजव्या कानानं तर त्या दरीत उडीच घेतली होती. उतार वाढत जाणार, किती वेगानं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे माझ्या कपाटातल्या दोनशे तबकड्या मला ओळखीच्या माणसांसारख्या ऐकू येतील, अशा किती संध्याकाळी उरल्यात, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता शहाण्या माणसानं काय करावं? गरजा आवराव्यात, मन विरक्त करावं, असा उपदेश मला अनेकांनी केला, आणि करणाऱ्या प्रत्येकाचे कान ठणठणीत होते. मला तो मान्य नाही. दृष्टी मंदावलेल्यानं सूर्यास्ताकडे पाठ करून बसावं, हे कुठल्या शास्त्रात सांगितलंय? उलट उजेड सरत आला की माणूस खिडकी अधिक उघडतो, खुर्ची उंबऱ्यापर्यंत ओढतो, आणि उरलेल्या प्रकाशाचा कणन्‌कण हक्कानं मागून घेतो. मला उत्तम कार्ट्रिज हवी होती. ती नखाएवढी डबी, जिच्या टोकाशी सुई असते आणि पोटात त्या सुईच्या थरथरीची वीज होते, ती, आणि परवडेल त्याहून एक पायरी वरची.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत सरवदेचा गाळा आहे. आम्ही कचेरीत बावीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो; आता तो जुनी यंत्रं दुरुस्त करतो आणि नवी सुई बसवून देतो. आमच्यात लाजलज्जा उरलेली नाही.

"ही घे," त्यानं एक साधी डबी पुढे केली. "दणकट आहे. तुझ्यासारख्या भटजीलाही पुरेल."

"आणि ती?" मी काचेतल्या दुसरीकडे बोट दाखवलं.

"तिचं सगळं वैभव वरच्या सुरांत. तुझी तिकडं वाट लागलीय ना? कुणाला दाखवायचीय, यार?"

मी माझी मारव्याची तबकडी नेली होती. त्यानं दोन्ही कार्ट्रिज आळीपाळीनं लावल्या, इवल्याशा काट्यावर सुईचा भार तोलला. मी डोळे मिटून, मान डोलावून, जाणकाराचे सगळे विधी पार पाडले. खरं सांगायचं तर फरक मला धूसरच जाणवला; दुसऱ्या वेळी तंबोऱ्याभोवती थोडी हवा खेळल्यासारखी वाटली, इतकंच.

"कळला फरक?"

"जमीन-अस्मानाचा."

"खोटं बोलतोयस."

"बोलतोय. दुसरी बांध."

घरी आल्यावर मी ती तबकडी हट्टानं संध्याकाळ होईपर्यंत राखून ठेवली आणि मग नव्या सुईवर लावली. डोंगरामागे ऊन कलत होतं, भिंतीवरचा केशरी पट्टा वितळत चालला होता, आणि मारव्यातला तो अधांतरी ऋषभ, घरी परतायचं विसरलेल्या माणसासारखा, खोलीभर फिरत होता. सरवदेच खरा ठरेल या भयानं मी श्वास रोखून, अक्षर न बोलता बसलो होतो. स्थायी संपली. आणि अंतरा उचलण्याआधी, त्या निमिषभराच्या पोकळीत, गाणाऱ्या बाईंनी श्वास घेतला. थोडा थकलेला, थोडा उतावळा, जिवंत श्वास. बाई जाऊन कैक वर्षं झाली. माझ्या बैठकीच्या खोलीत मात्र त्यांची छाती आत्ता भरून आली होती. इतक्या वर्षांत हा श्वास मला एकदाही भेटला नव्हता. माझा उतरलेला कान, सरवदेचा कुत्सितपणा, डॉक्टरांची रेघ, या सगळ्यांवर मी मात केली होती.

"ऐकलंस?" मी स्वयंपाकघराकडे पाहून विजयानं म्हणालो. "बाईंनी श्वास घेतला. ही नव्या सुईची करामत."

वैजू हात पुसत दारात आली.

"तो श्वास मी लग्न झाल्यापासून ऐकतेय," ती म्हणाली. "तू नेमका तिथंच बोलायला लागायचास."