क्लॅरी क्रूक आहे

इंग्लंडहून ऑस्ट्रेलियातल्या या गव्हाच्या गावात मी शिक्षिका म्हणून आले, तेव्हा क्लॅरी होबनला शाळेत शिपाई होऊन अठरा वर्षं झाली होती. सकाळी कुलपं काढायची, शेगडी पेटवायची, बाकं पुसायची. बोलणं कमी, खोकला फार.

तिसऱ्या आठवड्यात तो एक दिवस आलाच नाही. शेजारच्या नोलीनला विचारलं, तर ती कुंपणावरूनच म्हणाली, "क्लॅरी क्रूक आहे हो. लढाईवरून आला तेव्हापासूनच. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

आमच्याकडे क्रूक म्हणजे चोर, लफंगा. क्लॅरी कामावर आला तसा मी हात पुढे केला. "यापुढे चाव्या माझ्याकडे राहतील."

त्यानं कारण विचारलं नाही. जुडगा काढून दिला. मग रोज सकाळी मी येईपर्यंत तो बंद दाराशी खोकत उभा असायचा, आणि पोरं बघत असायची.

जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, मला ताप भरला. माझ्या फाटकाशी नोलीन मला शोधत आलेल्या शाळेच्या पोरांना सांगत होती, "पळा रे घरी! बाई क्रूक आहेत!"

मी अंथरुणातूनच ओरडले, "नोलीन! मी काय चोरलं गं?"

ती आत येऊन पोट धरून हसली. "चोरलं? अहो, ताप आलाय ना, म्हणून क्रूक! मटण नासलं तरी क्रूक, हवा बिघडली तरी क्रूक. जेवायला उशीर झाला की आमचे हे माझ्यावर क्रूक होतात!"

"आणि क्लॅरी?"

"त्याची छाती हो. लढाईत विषारी धूर गेलाय फुप्फुसात."

मी गोधडी तोंडावर ओढून घेतली.

बरी झाल्यावर चाव्या घेऊन त्याच्या घरी गेले. माफी मागायची, असं ठरवूनच गेले होते. पण तोंडातून निघालं भलतंच. "तुमच्या छातीला थंडीत त्रास नको, म्हणून घेतल्या होत्या."

क्लॅरीचा चेहरा खुलला. "बघ थेल्मा, मी म्हणत नव्हतो? बाईंना काळजी आहे माझी."

"हो का?" त्याची बायको एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. थंडीत कुडकुडून आलेल्या नवऱ्याची छाती रोज तीच शेकत होती.

पुढे दोन वर्षं क्लॅरी दुकानात, चर्चमध्ये, भेटेल त्याला माझा चांगुलपणा सांगायचा. कधी माझ्यासमोरच. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचे. खरं काय ते सांगायच्या आत तो गेला. थेल्मा अजून आहे. ती समोरून येताना दिसली की मी रस्ता बदलते.