न्यूकॅसलची हरकत

इमारतीच्या व्यवस्थापनाला, बँकेला, नगरपालिकेला मी आजवर जी तक्रारपत्रे लिहिली, त्यांतील एकाचीही मला लाज वाटलेली नाही. लाज वाटते ती आखातातल्या देरा भागातील एका सभागृहात तोंडी नोंदवलेल्या हरकतीची.

आजी-आजोबा आणि नातवंडे यांच्या जोड्यांची ती प्रश्नमंजूषा. विषय: इंग्लंडमधील गावांची नावे आणि सामान्यज्ञान. माझे नाव नातीने स्वतःहून दिले होते. "माय आजोबा नोज एव्हरीथिंग," असे तिने मैत्रिणींना सांगून ठेवले होते. शारजाहून येताना गाडीतच उजळणी झाली. गावाच्या नावात 'चेस्टर' आले, की तेथे बहुधा रोमन सैन्याची छावणी होती, हे तिने तोंडपाठ केले.

अंतिम फेरीत बरोबरी झाली. समोरच्या जोडीत पुढचे दोन दात पडलेला एक मुलगा आणि त्याची आजी. न्यूकॅसल कोणत्या नदीवर वसले आहे, असा त्याला प्रश्न आला.

"टाइन!" तो ओरडला. आजीने त्याला कवटाळले.

मी उभा राहिलो. या नावाची गावे इंग्लंडात एकाहून अधिक आहेत. सबब प्रश्न संदिग्ध, म्हणून रद्दबातल.

"अहो काका, मुलांचा खेळ आहे," सूत्रसंचालक म्हणाला.

"खेळालाही नियम असतात!" माझा आवाज इतका चढला, की मागे चहा वाटणारे थांबले.

"आजोबा, प्लीज. सिट डाउन." नात माझी बाही ओढत होती.

त्रासून सूत्रसंचालकाने प्रश्न रद्द केला. मुलाचा खालचा ओठ थरथरू लागला. नवा प्रश्न आमच्याकडे आला: गावांच्या नावांतील 'चेस्टर' मुळात काय सुचवते?

मी विजयी मुद्रेने नातीकडे पाहिले. ती त्या मुलाकडे पाहत होती.

"पास," ती म्हणाली.

प्रश्न पलीकडे गेला. मुलगा आजीला बिलगून पुटपुटला, "सोल्जर्सचं घर?"

सूत्रसंचालकाने हातातले कार्ड पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "काय काका, ऑब्जेक्शन?"

सभागृह खदखदून हसले. हसली नाही ती फक्त माझी नात. आता मी काय करतो, हे ती पाहत होती. घर आणि छावणी यांतला भेद मला ढळढळीत दिसत होता. युक्तिवादाचे पहिले वाक्यही जुळले होते.

"माझी हरकत नाही," मी म्हणालो. ते कोणालाच ऐकू गेले नाही. पुन्हा उभे राहून सांगावे लागले.